ब्याऐंशी

सांगलीहून चंदीगडला शिकायला आले, तेव्हा पहिलं नवल वाटलं ते इथल्या पत्त्यांचं. पेठा नाहीत, आळ्या नाहीत. सगळे सेक्टर आणि त्यांचे आकडे. ऑटोवाल्याला 'सत्रह' एवढंच सांगायचं, तो बाजारात आणून सोडतो.

पहिल्या सेमिस्टरला सी भाषेत मी याच शहराचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. आर दाबलं की रॉक गार्डन, एस दाबलं की सुखना लेक. अक्षर वाचायचं आणि स्विचनं त्या त्या केसकडे जायचं.

केसपुढे नुसतं आर लिहिलं. कंपायलर म्हणाला, 'आर अनडिक्लेअर्ड'. त्याला ते व्हेरिएबलचं नाव वाटलं. मग आरला दुहेरी अवतरणचिन्हं दिली. आता तक्रार वेगळी: इथं पूर्णांक हवा. अक्षराच्या जागी पूर्णांक कुठून आणू? संध्याकाळ झाली, लॅब रिकामी होत आली. शेवटी आस्कीचा तक्ता काढला. आरसमोर होतं 82. हट्टानं केसपुढे तेच लिहिलं, प्रोग्रॅम चालवला, आर दाबलं. पडद्यावर उमटलं: रॉक गार्डन, सेक्टर 1.

चाललं खरं, पण का? एक वाट अजून उरली होती, एकेरी अवतरणचिन्हांची. 82ची केस तशीच ठेवून तिच्याखाली एकेरी चिन्हांतल्या आरची दुसरी केस लिहिली. कंपायलर पुन्हा अडला: 'डुप्लिकेट केस व्हॅल्यू'.

डुप्लिकेट? वर आकडा आहे, खाली अक्षर! ती ओळ पुन्हा वाचली आणि खुर्ची मागे सारून उठलेच. कंपायलरच्या लेखी दोन्ही एकच होतं. एकेरी चिन्हांतलं आर म्हणजेच 82!

मग मागचंही उलगडलं. दुहेरी चिन्हांत आरच्या मागे शेवटाची खूण म्हणून एक शून्य येतं. ती माळ होते, पूर्णांक नव्हे. डेनिस रिची यांनी 1972च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या या भाषेत कॅरेक्टर हा छोटा पूर्णांकच असतो. म्हणून तर स्विचला अक्षर चालतं.

मी 82ची केस पुसली, आरची ठेवली. वाचणाऱ्या माणसाला अक्षर कळतं. लहान लिपीतल्या आरचा आकडा 114, म्हणून त्याची केस वेगळी जोडली.

बाहेर येऊन ऑटोला हात केला. "बाजार चलेंगे, भैया?"

त्यांनी विचारलं, "सत्रह?"