उत्तर आले, पण पटते का?

यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीच्या शिवारात एक एकर कपाशी लावायची आहे, असे समजा. दोन ओळींत ४ फूट आणि ओळीतील दोन झाडांत १८ इंच अंतर ठेवल्यास झाडे किती बसतील?

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. घाईने ४ × १८ = ७२ ने भागले, तर उत्तर ६०५ येते. भागाकार बिनचूक आहे. पण एका झाडाला ९ फूट लांब, ८ फूट रुंद खोलीएवढी जागा? पटत नाही!

चूक एककात आहे. १८ इंच = १.५ फूट. एका झाडाची जागा : ४ × १.५ = ६ चौरस फूट. झाडे : ४३,५६० ÷ ६ = ७,२६०. ताळा : ७,२६० × ६ = ४३,५६०.

पहिल्या उत्तराप्रमाणे बी आणले असते, तर शेताचा बारावा हिस्साच पेरला गेला असता. बाराच का? कारण १ फूट = १२ इंच!