रस्ता कोणाचा?

एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. कारकून, प्राध्यापक, कारखान्यातील कामगार, शाळा-महाविद्यालयांतील मुले-मुली, सारेच सायकलीवरून जात. तासाच्या हिशेबाने सायकली भाड्याने देणारी दुकाने पेठांतून ठिकठिकाणी होती. आज त्याच रस्त्यांवर स्कूटर, मोटारसायकली आणि मोटारी यांची अशी दाटी झाली आहे की, सायकलस्वार क्वचितच दृष्टीस पडतो. आणि एखादी वृद्ध स्त्री भाजीची पिशवी सावरीत रस्त्याच्या कडेला बराच वेळ तिष्ठत उभी राहते, कारण पलीकडे जाण्यास तिला वाटच मिळत नाही. रस्ते पूर्वीपेक्षा रुंद झाले, काही चौकांत उड्डाणपूलही उभे राहिले. तरी कोंडी सुटली नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर अगदी साध्या गणितात आहे. ६० माणसांना एकाच दिशेने कामावर जावयाचे आहे, असे समजू. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर ४० मोटारी लागतील. प्रत्येक मोटार ४ मीटर लांब असून पुढील मोटारीपासून ३ मीटर अंतरावर उभी आहे असे मानले, तर त्यांची रांग २८० मीटर होईल. तीच ६० माणसे १२ मीटर लांबीच्या एका बसमध्ये, काही बसून व काही उभी राहून, सहज मावतात. शिवाय, मालकाला कचेरीत पोहोचविल्यावर मोटार दिवसभर कोठे तरी जागा अडवून बसते. बस मात्र दुसऱ्या फेरीस निघून जाते. धूर आणि इंधन यांचा हिशेबही साधारणतः याच चालीने जातो. रस्ता रुंद केला की, आजवर मोटार घरी ठेवणारे लोकही ती बाहेर काढू लागतात, आणि थोड्याच वर्षांत वाढवलेली जागा पुन्हा भरून जाते.

हे गणित ज्या एका नगराने फार लवकर ओळखले, त्याचे नाव कुरितिबा. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशाच्या पाराना या प्रांताची ही राजधानी. १९७१ मध्ये जैमे लेर्नर हे वास्तुविशारद तेथील महापौर झाले. शहराच्या मध्यभागातील एक मुख्य बाजाररस्ता केवळ पादचाऱ्यांसाठी राखून ठेवण्याचे त्यांनी ठरविले. गिऱ्हाईक तुटेल या भयाने व्यापाऱ्यांनी विरोध केला. तेव्हा १९७२ मध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी कामास प्रारंभ करून, सोमवारपर्यंत त्या रस्त्याच्या एका भागाचे रूप पालटण्यात आले. फरसबंदी झाली, दिवे लागले, फुलझाडे आली. लवकरच व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले की, पायी हिंडणारा मनुष्य दुकानापाशी थांबतो. मोटारीतील मनुष्य पुढे निघून जातो. पुढे काही मोटारवाल्यांनी त्या रस्त्यात बळाने गाड्या घालण्याचा बेत केला. महापौरांनी पोलीस बोलावले नाहीत. त्यांनी रस्त्यावर कागदाच्या लांबच लांब गुंडाळ्या अंथरल्या आणि शेकडो मुलांना चित्रे काढावयास बसविले. मोटारवाले आले, मुले पाहिली, आणि परत गेले.

परंतु एका रस्त्याने शहराचा प्रश्न सुटत नसतो. १९७४ पासून कुरितिबात मुख्य मार्गांच्या मध्यभागी केवळ बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाल्या. बस अडकून पडेनाशी झाली. १९९१ मध्ये काचेच्या नळीसारखी थांबाघरे उभारण्यात आली. प्रवासी आत शिरतानाच भाडे देतो आणि बसच्या तळाच्या उंचीच्या फलाटावर उभा राहतो. त्यामुळे पायरी चढावी लागत नाही, पाळण्यातील मूल असो वा चाकांच्या खुर्चीतील मनुष्य. भाड्याची रीतही विचार करण्याजोगी आहे. प्रवास जवळचा असो वा दूरचा, भाडे एकच. गरीब लोक बहुधा शहराच्या कडेला राहतात व त्यांनाच लांब जावे लागते. जवळ जाणारा मनुष्य थोडे अधिक देऊन त्यांचा भार उचलतो. मला तर काचेच्या नळ्यांपेक्षा ही युक्ती अधिक मोलाची वाटते. अर्थात, तेथेही पुढे मोटारी वाढल्या आणि बसच्या प्रवाशांत घट झाली. चांगली व्यवस्था एकदा उभारून भागत नाही, ती सतत राखावी लागते.

ही कल्पना पुढे बोगोता, जाकार्ता अशा अनेक शहरांत गेली. भारतात ती प्रथम आली पुण्यास. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका सुरू झाली. पण थांबे रस्त्याच्या मध्यभागी आणि त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट धोक्याची, अशी स्थिती होती. शिवाय बसच्या मार्गिकेत खासगी वाहने सर्रास शिरू लागली. बसला वाट करून द्यावयाची तर ती दुसऱ्या कोणाची तरी कमी होणार, हे मान्य करण्यास आम्ही नागरिक मनाने सिद्ध नव्हतो. बसथांब्यापर्यंत सुखाने चालत जाता येत नसेल, तर बस कितीही वेगवान असून काय उपयोग? प्रत्येक प्रवासाचा आरंभ आणि शेवट पायांनीच होत असतो.

पुण्यात २०२१ मध्ये ११ डिसेंबर हा दिवस पादचारी दिन म्हणून पाळण्यात आला, आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवण्यात आला. एरवी जेथे पाऊल ठेवण्यास जागा नसते, तेथे लोक रस्त्याच्या मधोमध निवांत चालत होते. त्यानंतरच्या वर्षांतही हा उपक्रम झाला आहे. वर्षातील उरलेल्या दिवशी ती पिशवीवाली बाई अजून त्याच कडेला उभी असते.