पंपाने पाणी कमी केले? मोटार बदलण्याआधी सक्शन तपासा

— ऊस विकास अधिकारी



उन्हाळ्यात उसाला पाण्याची पाळी लांबली की कांड्या आखूड पडतात आणि वजन घटते. नेमक्या याच दिवसांत विहिरीवरचा पंप पाणी कमी करतो. मग ५ अश्वशक्तीच्या जागी साडेसातची मोटार घेण्याचा विचार सुरू होतो. पण दोष पुष्कळदा सक्शनच्या बाजूला असतो आणि तो थोडक्या खर्चात निघतो.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता पंप सक्शन पाईपमध्ये पोकळी तयार करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीलासुद्धा पाणी १०.३ मीटरपेक्षा वर चढवू शकत नाही. घर्षण व इतर घट धरता पाण्याची पातळी पंपापासून ६ मीटरच्या, म्हणजे सुमारे २० फुटांच्या, आत असावी. मोटार मोठी केली म्हणून हवेचा दाब वाढत नाही.

म्हणून पुढील क्रमाने तपासावे :

१) पातळी : पंपापासून पाणी किती खाली गेले ते दोरीने मोजावे. २० फुटांच्या पुढे गेले असेल तर पंप खाली घ्यावा. पंपात खडे हलविल्यासारखा आवाज येत असेल तर तीही ओढ जास्त झाल्याची खूण असते.

२) फूट व्हॉल्व्ह : जाळीला शेवाळ, पालापाचोळा अडकला आहे का पाहावे. जाळी गाळात रुतू देऊ नये, तशी उघडीही पडू देऊ नये.

३) गळती : मोटार बंद करून पंप व सक्शन पाण्याने भरून ठेवावे. अर्ध्या तासात पाणी उतरले आणि बाहेर कुठे ओल दिसत नसेल, तर फूट व्हॉल्व्हचे चामडे गेले समजावे. एखाद्या जोडाला ओल दिसली तर तिथूनच चालू पंपात हवा शिरते. वायसर बदलून बोल्ट सारखे आवळावेत.

४) ग्लँड : थेंब थेंब पाणी पडलेच पाहिजे. अजिबात पडत नसेल तर दोरी सुकते, झिजते व तिथून हवा ओढली जाते. दोरी बदलावी.

५) पाईप : सक्शन पाईप पंपाकडे चढता असावा. मध्ये उंचवटा राहिला की तिथे हवा साठते. बेंड कमीत कमी ठेवावेत. पाईप पंपाच्या तोंडापेक्षा लहान कधीच नसावा.

६) दिशा : तारा जोडताना दोन फेज उलटसुलट झाल्या तर पंप उलटा फिरतो, पाणी येते पण कमी. बाणाची खूण पाहावी.

इतके करूनही फरक पडला नाही तर पंप उघडून पंखा झिजला आहे का ते बघावे.

शेवटची सूचना. फ्यूज काढल्याशिवाय पंपाला हात लावू नये आणि विहिरीत एकट्याने उतरू नये. पाळी एक दिवस उशिरा दिली तरी चालेल.