आजोबा ‘होम बॉय’ होते, मग त्यांचं मूळ गाव कोणतं?

शिक्षकमित्रांनो, लिखित साधनं म्हणजे काय हे सांगताना आपण ताम्रपट आणि बखरींवर थांबतो. हे उदाहरणही घेऊन बघा.

१८६९ पासून पुढच्या साठ-सत्तर वर्षांत ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्थांनी सुमारे एक लाख मुलं कॅनडाला धाडली. मुलगे शेतावर राबायला, मुली घरकामाला. त्यांना ‘होम चिल्ड्रन’ म्हणतात. सगळी अनाथ नव्हती बरं का! नवरा गेला, हाताला काम नाही, म्हणून कितीतरी आयांनी मूल संस्थेत ठेवलेलं असे. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलं ऑस्ट्रेलियाला गेली, तेव्हा तर अनेकांना ‘तुझे आईवडील वारले’ असं खोटंच सांगितलं गेलं.

म्हणून आज नातवंडं शोध घेतात तेव्हा घरात ऐकलेली गोष्ट लिहून ठेवायची, पण पुरावा जहाजापासून धरायचा. प्रवासी यादीत ही मुलं पटकन ओळखू येतात: एकाखाली एक पुष्कळ नावं, वयं लहान, सोबत आईबाप नाहीत आणि उतरल्यावर जायचं ठिकाण एकच. ते ठिकाण नीट बघा. मुलींच्या तुकडीपुढे ओंटारिओतलं पीटरबरो असेल, तर आधी बर्नार्डो संस्थेचा विचार करा. तिथे तिचं मुलींसाठी ‘हेझलब्रे’ नावाचं घर होतं. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशा मुलांची नोंद नावावरून शोधता येते.

संस्था कळली की निम्मं काम झालं. बर्नार्डोने एकटीने जवळपास तीस हजार मुलं कॅनडाला पाठवली आणि तिचे कागद जपलेले आहेत. मूल का दाखल झालं, नातेवाईक कोण, कधीकधी फोटोसुद्धा. वंशजांना अर्ज करून ते मागता येतात.

आता इंग्लंडकडे वळा. तिथे जन्मनोंदणी १८३७ पासून आहे. दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं, आणि तेच खरं कामाचं. नुसता विल्यम स्मिथ शोधणं म्हणजे आपल्याकडे नुसता संजय पाटील शोधण्यासारखं! वयातही एक-दोन वर्षांची चूक धरून चाला. मग दर दहा वर्षांच्या जनगणनेत ते घर गाठायचं. भावंडं तिथे सापडतात.

ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांची वाट जास्त अवघड. इंग्लंडची १९३१ ची जनगणना आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. नॉटिंगहॅमच्या समाजसेविका मार्गारेट हम्फ्रीज यांनी १९८७ मध्ये ‘चाइल्ड मायग्रंट्स ट्रस्ट’ सुरू केला, तो याच लोकांसाठी. स्वतःला अनाथ समजणाऱ्या काहींना पन्नाशी-साठीत आई भेटली. २०१० मध्ये ब्रिटिश सरकारने माफी मागितली, आणि नातलगांना भेटायला जाण्याच्या खर्चासाठी निधीही दिला.

वर्गात घ्यायचं असेल, तर अशी एक काल्पनिक प्रवासी यादी फळ्यावर लिहा आणि एवढंच विचारा: यातली कोणती मुलं एकटी आहेत, आणि तुम्ही कशावरून ओळखलंत?