मूड आला की लिहीन

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहिली. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात, १३ फेब्रुवारीला शेवट. ‘लिहायचंय, लिहायचंय’ म्हणत वर्षं घालवणाऱ्यांना ही गोष्ट फार आवडते, पण भलत्याच कारणासाठी. आत खरं काही असेल तर ते एक दिवस उसळून बाहेर येतं, तोवर थांबलं तरी चालतं, असा सोयीचा अर्थ तिच्यातून काढता येतो.

त्या पाच दिवसांच्या मागे काय होतं, ते सहसा कुणी सांगत नाही. अमळनेरच्या शाळेत शिकवताना गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. म्हणजे मजकूर रोज हवा, मन लागो वा न लागो. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून असे सलग अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली. ती उतरवून घेतली गुरुजींनीच. नाशिकला कागद पुढे ओढला तेव्हा हात अनेक वर्षांचा सरावलेला होता.

गैरसमज : चालढकल करणारा माणूस आळशी असतो

आळशी माणूस पडून राहतो. कथा लिहायची टाळणारा मात्र त्या दुपारी कपाट आवरतो, वीजबिल भरतो, जुने फोटो लावून ठेवतो, कधी नव्हे ते मामेभावाला फोन करतो. अंगात जोर आणि हातात वेळ, दोन्ही असतात. नको असते ती फक्त एक गोष्ट : कोऱ्या पानासमोर बसल्यावर पोटात उठणारी धास्ती.

फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये नेमकी हीच मांडणी केली. चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी आणि भावना सांभाळण्याचा जास्त. काम कंटाळवाणं, धूसर किंवा भीतिदायक वाटतं. ते बाजूला सारलं की लगेच हलकं वाटतं, आणि हा हलकेपणा बक्षिसासारखा काम करतो, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तेच घडतं. सर्जनशील कामात ही धास्ती दुप्पट. विजेचं बिल भरण्यात आपली पात्रता उघडी पडत नाही, कवितेत पडते. त्यामुळे नवी डायरी, नवं अ‍ॅप, रंगीत वेळापत्रक यांचा परिणाम आठवडाभरात ओसरतो. तो इलाजच दुसऱ्या दुखण्याचा असतो.

गैरसमज : प्रतिभेला घड्याळ लावता येत नाही

हा सगळ्यांत प्रतिष्ठित गैरसमज. रॉबर्ट बॉइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये त्याची एक छोटी पण गमतीदार परीक्षा घेतली. लेखन अडलेल्या २७ प्राध्यापकांचे त्याने तीन गट पाडले. एका गटाला तातडीचं नसेल तर लिहूच नका असं सांगितलं, दुसऱ्याला मूड असेल तेव्हा लिहा म्हणून मोकळं सोडलं. तिसऱ्या गटाने रोज ठरल्यावेळी लिहायचं, न लिहिल्यास त्यांनी आधीच लिहून दिलेला चेक त्यांच्या नावडत्या संस्थेला जायचा. तिसऱ्या गटाची रोजची सरासरी ३.२ पानं भरली, मूडवाल्यांची ०.९ आणि न लिहिणाऱ्यांची ०.२. पानं जास्त भरली यात नवल नाही. नवल पुढेच आहे. सक्तीच्या गटाला साधारण रोज एक नवी कल्पना सुचत होती, मूडवाल्यांना दोन दिवसांतून एक, न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांतून एक. प्रयोग लहान होता आणि माणसं एकाच पेशाची, हे खरं. तरी कल्पना आधी आणि लेखन नंतर, हा गृहीत धरलेला क्रम त्याने चांगलाच हलवला.

मराठीत तर याचा दाखला घराघरांत वाजलेला आहे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. दर आठवड्याला एक नवं गीत. ग. दि. माडगूळकरांनी ते लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, गायकांनी बसवायचं आणि ठरल्या वेळी प्रक्षेपण व्हायचं. केंद्रावरच्या सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने आखलेला कार्यक्रम वर्षभराचा होता. त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीतांची संख्या ५६ वर गेली. गीत अगदी ऐनवेळी हाती पडल्याच्या आठवणी आजही चवीने सांगितल्या जातात. पण ऐनवेळी का होईना, पुढच्या आठवड्याचं गीत आलं. त्याआधीच्या दशकभरात माडगूळकरांनी चित्रपटांसाठी प्रसंग आणि चाल पाहून मागणीबरहुकूम गीतं लिहिली होती, हेही ध्यानात घ्यायला हवं. रेडिओने त्यांच्या प्रतिभेला कुलूप घातलं नाही, तिला दर आठवड्याला दार उघडायला लावलं.

ठरल्या वेळी मजकूर देण्याची ही सक्ती मराठीला नवी नव्हती. १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढणाऱ्या हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यात क्रमशः छापली. आणि १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून कितीतरी मराठी कथा जगात येण्याचं एक कारण, संपादकाने मागे लावलेला तगादा हे आहे.

गैरसमज : मग दबावातच उत्तम काम होतं

वरचा परिच्छेद वाचून हा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. घाई नको. डायान टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांचं सत्रभर निरीक्षण केलं. सत्राच्या सुरुवातीला टाळाटाळ करणारे खरोखरच मजेत होते, ताण कमी, आजारपण कमी. शेवटी शेवटी चित्र उलटलं. एकूण ताण आणि आजारपण त्यांनाच जास्त भोगावं लागलं, आणि गुणही कमी मिळाले. दबावात काम होतं हे खरं. चांगलं होतं, ही करणाऱ्याची समजूत.

या वादात दोस्तोयेव्हस्कीचं नाव हटकून येतं. स्तेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी त्याने घातकी करार केला होता. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन एक पैही न देता छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. ऑक्टोबरात त्याने अ‍ॅना स्नित्किना या तरुण लघुलेखिकेला बोलावलं आणि २६ दिवसांत ‘जुगारी’ सांगून पूर्ण केली. मात्र या कादंबरीची कल्पना त्याने १८६३ मध्येच एका मित्राला पत्रातून कळवली होती, आणि १८६६ मध्येही तो काही हात बांधून बसला नव्हता. ‘गुन्हा आणि शिक्षा’ मासिकातून क्रमशः चालू होती. पुढच्या वर्षी त्याने अ‍ॅनाशी लग्न केलं. तगादा लावणारं माणूस घरातच आलं.

गैरसमज : मी परफेक्शनिस्ट आहे, म्हणून वेळ लागतो

ही तक्रार कमी, आत्मस्तुती जास्त. पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये चालढकलीवरच्या शेकडो निष्कर्षांची एकत्र छाननी केली. परिपूर्णतेच्या हव्यासाशी तिचा संबंध फारसा सापडला नाही. उतावळेपणा, सहज विचलित होणं आणि कामाबद्दलचा तिटकारा यांच्याशी मात्र पक्का सापडला. सिरॉइस आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यात एक फरक दाखवला. उच्च दर्जाचा ध्यास असणारे उलट कमी टाळतात. टाळतात ते ‘लोक काय म्हणतील, चुकलं तर’ या काळजीने पोखरलेले.

गैरसमज : मी टाळत नाहीये, विषय मुरतोय

मुरणं खोटं नाही. सिओ आणि ऑर्मरॉड यांच्या २००९ च्या आढाव्यात, प्रश्न बाजूला ठेवल्याने तो सुटायला मदत होते असंच दिसलं. पण आधी त्या प्रश्नाशी जितकी जास्त झटापट झालेली, तितका हा फायदा मोठा. कैऱ्या फोडून मीठ-मसाला लावलाच नसेल तर बरणीत मुरणार काय?

गैरसमज : स्वतःला चांगलं फटकारलं की गाडी रुळावर येते

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी टाळाटाळ केली. अपराधीपणा हीसुद्धा एक नकोशी भावना, आणि नकोशा भावनेपासून पळण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप असतो.

सुरुवात करण्याबाबत दोन जुने प्रयोग उपयोगाचे आहेत. मारिया ओव्हस्यांकिना हिने १९२८ मध्ये बर्लिनमध्ये लोकांना हातातलं काम अर्धवट सोडायला लावलं. मोकळीक मिळताच बहुतेकांनी, कुणी न सांगता, ते पुन्हा हाती घेतलं. अर्धवट काम जास्त लक्षात राहतं, हा तिची सहकारी ब्लूमा झायगार्निक हिचा अधिक गाजलेला दावा पुढच्या तपासण्यांत डळमळला, पण काम पुन्हा हाती घेण्याची ही ओढ टिकली. म्हणून चार वाईट ओळी लिहून ठेवणं हे कोऱ्या पानापेक्षा फार बरं. उद्या बसायला निमित्त राहतं.

दुसरा प्रयोग पीटर गोलविट्झरचा, १९९७ चा. विद्यार्थ्यांनी नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून पाठवायचा होता. कुठे आणि केव्हा बसणार, हे ज्यांनी आधीच ठरवून लिहून ठेवलं, त्यांच्यातल्या चारांपैकी साधारण तिघांनी तो वेळेत पाठवला. ज्यांचा नुसताच निश्चय होता, त्यांच्यातल्या तिघांपैकी एकाने.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करायचा आणि पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. त्याचं आत्मचरित्र मृत्यूनंतर, १८८३ मध्ये निघालं आणि हे घड्याळ वाचकांना इतकं खटकलं की त्याची पत घसरली. पहाटे उठण्याची जबाबदारी ट्रोलपने स्वतःच्या निश्चयावर सोडली नव्हती. वेळेवर कॉफी घेऊन येऊन उठवायचं, यासाठी तो घरच्या म्हाताऱ्या मोतद्दाराला वर्षाला पाच पौंड जादा देई. आपल्या यशाबद्दल कदाचित इतर कुणाहीपेक्षा याच माणसाचे जास्त उपकार मानायला हवेत, असं त्याने त्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.