काळी म्हणजे कडक?

डिसेंबरात आदिलाबादची थंडी बोचायला लागली की मित्रमंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "काळी आहे ना? मग कडकच असणार." हैदराबादहून कुणीतरी नाताळासाठी बनवलेल्या गडद बेल्जियन धाटणीच्या बिअरची बाटली आणतो. रंग पाहून निम्मे जण हात आखडतात आणि उरलेले ग्लास पुढे करतात. दोघांचं कारण एकच, आणि ते साफ चुकीचं.

बिअरला रंग मुख्यतः माल्टच्या भाजणीमुळे येतो. मोड आणून वाळवलेले जव जितके जास्त भाजावेत तितके ते काळपट होतात, आणि काळ्याभोर भाजलेल्या माल्टचा थोडासा वाटा सगळी बिअर काळी करायला पुरतो. मद्यार्क किती उतरणार, हे मात्र यीस्टनं किती साखर खाल्ली त्यावर ठरतं. काळीकुट्ट ड्राफ्ट गिनेस साधारण ४.२ टक्क्यांची, तर सोनेरी डुव्हेल ८.५ टक्क्यांची. बेल्जियममधल्या वेस्टमाले मठाची गडद डबेल ७ टक्के, आणि त्याच मठाची फिकट ट्रिपेल ९.५! एवढं सांगूनही "पण काळी ती काळीच" म्हणणाऱ्यांनी आपल्याच बारमधली 'स्ट्राँग' ग्लासात ओतून बघावी. पिवळी धमक असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत 'स्ट्राँग' ठरते ती मद्यार्कावर : ५ टक्क्यांहून जास्त, ८ टक्क्यांपर्यंत.

गोंधळ होतो, कारण नाताळची बेल्जियन बिअर बऱ्याचदा खरोखरच जड असते. शिमेची निळ्या लेबलची बिअर मुळात नाताळासाठीच निघाली. ती ९ टक्क्यांची. सेंट बर्नार्डसची ख्रिसमस एल १० टक्क्यांची. तिथले ब्रूअर माल्टसोबत बीटच्या साखरेचा गडद पाक घालतात. पाकाच्या काळपटपणानं रंग येतो. त्यातली साखर यीस्ट फस्त करतं, म्हणून मद्यार्क वाढतो आणि बिअर चिकट गोड होत नाही. पाक पांढऱ्या साखरेचा घातला असता, तरी बिअर तेवढीच चढली असती.

चवीबद्दलही असाच एक समज आहे. खजूर, मनुका, लवंग यांचा वास आला की "मसाला टाकलाय" असं ठोकून दिलं जातं. काही ब्रूअर संत्र्याची साल, धने वगैरे टाकतातही. पण लवंगेचा आणि फळांचा हा वास बऱ्याचदा नुसत्या बेल्जियन यीस्टचा असतो. जरा उबेत आंबवलं की ते असे सुगंध तयार करतं. खजूर-मनुकेची छटा गडद माल्टची आणि पाकाची.

"बिअर तर पाण्यासारखी" म्हणणाऱ्यांसाठी साधं गणित : ८ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली मद्यार्क असतो. म्हणजे व्हिस्कीचे ६० मिलीचे दोन पेग. १० टक्क्यांच्या ३३० मिलीच्या छोट्या बाटलीतही सव्वा पेगाहून जास्त. काळी बिअर तब्येतीला चांगली, हेही सोडून द्या. मद्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

बर्फासारखी गार करून पिणं? मग वास येणारच नाही. दहा-बारा अंशांना ती खुलते, आणि आदिलाबादच्या डिसेंबरात त्यासाठी फ्रीजबाहेर काढून थोडं थांबलं की भागतं.

राहिला तो बाटली पाण्यात उलटी धरून ग्लिसरीन काढायचा उद्योग. आंबवताना यीस्ट थोडं ग्लिसरीन तयार करतंच, पण ते बिअरभर विरघळलेलं असतं. बाटली उलटी केल्यानं वेगळं होत नाही. बेल्जियन बाटलीच्या तळाशी बऱ्याचदा यीस्टचा गाळ असतो. ती उलटी केलीत, तर हाती लागेल तो ढवळलेला गाळ.