काशाची वाटी, लाटणे आणि आखडलेली पाठ

पिकाचे पान जरा पिवळे पडले की आपण ते तोडून खिशात घालता आणि थेट आमच्या कार्यालयात आणता. बैल लंगडू लागला तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे निरोप जातो. स्वतःची पाठ मात्र दोन-दोन वर्षे दुखत राहते आणि "शेतीचे काम म्हटल्यावर अंग दुखायचेच" एवढे म्हणून विषय संपतो. अंग दुखते हे खरे. ते कशाने दुखते, चोळल्याने त्यातले किती जाते आणि कोणते दुखणे मुळीच चोळू नये, याचा विचार घराघरांत व्हायला हवा म्हणून हा लेख.

आधी दुखण्याचे कारण पाहू. कांद्याची लागण करणारी बाई सकाळी वाकते ती दुपारच्या भाकरीलाच सरळ होते. भात लावणीला तेच, खुरपणीला उकिडवे बसून तेच, आणि कापूस वेचताना कमरेला बांधलेली ओटी तासातासाने जड होत जाते ती वेगळीच. सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की पाठीवर सोळा किलोहून अधिक ओझे येते. एक हात दांडा हलवतो, दुसरा नळी धरतो, म्हणजे दोन्ही खांद्यांना सारखे काम नाहीच. स्नायू एकाच ठेवणीत तासन् तास ताणलेला किंवा आवळलेला राहिला की तो थकतो, त्यातले रक्ताचे येणे-जाणे मंदावते आणि तो सैल व्हायचे जणू विसरतो. हात फिरवला तर तिथे गाठीसारखे लागते. गावात याला "शीर धरली" म्हणतात. धरलेला असतो तो बहुतेक वेळा स्नायू.

यावर आपल्याकडे हत्यार आहे आणि ते जुने आहे: काशाची वाटी. काशे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. टाळ आणि देवळातली घंटा याच जातीची. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून वाटीच्या बुडाने घासायचे, की दिवसभर ढेकळांतून चाललेले पाय हलके होतात आणि झोप चांगली लागते. यात खोटे काही नाही. परंतु याच वाटीचे आता यंत्र निघाले आहे. विजेवर फिरणारी काशाची थाळी, तिच्यावर पाय ठेवून बसायचे. गेल्या हिवाळ्यात एका कृषी प्रदर्शनात अशा यंत्रापुढे बियाण्यांच्या दालनापेक्षा मोठी रांग होती. एक ओळखीच्या मावशी काळे झालेले तळवे दाखवीत म्हणाल्या, "साहेब, बघा किती उष्णता निघाली अंगातली!"

मी खिशातला पांढरा रुमाल काढला, त्यावर तिथलेच तेल घातले आणि थाळीवर धरला. मिनिटभरात रुमालही काळा झाला.

"मावशी, रुमालाच्या अंगात कुठली उष्णता?"

मावशी हसल्या. दालनवाल्याला मात्र ते रुचले नाही.

काळे होते ते घासल्याने धातूचा अगदी बारीक कण सुटून तेलात मिसळतो म्हणून. शरीरातले विष किंवा उष्णता तळव्यातून अशी बाहेर पडत नाही. बरे वाटते ते घासण्याने, चोळण्याने आणि घटकाभर निवांत बसण्याने. तेवढ्यासाठी हजारो रुपयांचे यंत्र कशाला हवे? घरातली आजीची वाटी तेच काम करते.

अशा साधनाने अंग घासण्याची रीत फक्त आपलीच नाही. चीनमध्ये शिंगाच्या किंवा दगडाच्या पट्टीने पाठ घासण्याची जुनी पद्धत आहे, तिला 'ग्वा शा' म्हणतात. विसाव्या शतकात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील डॉ. जेम्स सिरियाक्स यांनी दुखऱ्या स्नायुबंधावर बोटाने आडवे घर्षण देण्याची रीत रुजवली. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड ग्रॅस्टन या, स्वतःच्या गुडघ्याच्या दुखापतीने गांजलेल्या गृहस्थाचे नाव लागलेली पोलादी हत्यारे निघाली. आज आपल्या शहरांतील भौतिकोपचार तज्ज्ञही तशी हत्यारे वापरतात. गुळगुळीत, बोथट कडेची, कोयरीसारखी किंवा चंद्रकोरीसारखी पोलादी पट्टी असते. कातडीला तेल किंवा मलम लावतात, पट्टी तिरकी धरतात आणि आखडलेल्या स्नायूवरून सावकाश ओढतात. एका जागी काही मिनिटेच. कातडी थोडी लाल होते. काळीनिळी व्हायलाच हवी असे मुळीच नाही, आणि "वळ उठला म्हणजे गुण आला" ही समजूत सोडून द्यावी.

याचा उपयोग किती? झालेल्या अभ्यासांचा सूर असा की सांध्याची हालचाल त्याच वेळी थोडी मोकळी होते. दुखणे कायमचे जाते असे म्हणण्याइतका पुरावा मात्र नाही. आतल्या गाठी पट्टीने फुटतात हेही सिद्ध झालेले नाही. बहुधा मज्जातंतूंना वेगळी जाणीव मिळते, दुखण्याची जाणीव काही वेळ दबते आणि स्नायू सैल पडतो. म्हणून जाणता तज्ज्ञ पट्टी फिरवून रोग्याला घरी पाठवीत नाही. सैल झालेल्या त्या वेळात तो ताण देण्याचे आणि बळ वाढवण्याचे व्यायाम करून घेतो. माझ्या मते खरे औषध तेच. वाफसा आला की पेरून घ्यावे लागते, नुसत्या वाफशाने पीक येत नाही, तसेच हे.

घरी काय करता येईल? रात्री पाय धुऊन कोरडे करावेत, तेल लावून प्रत्येक तळवा पाच-दहा मिनिटे वाटीने घासावा आणि नंतर तेल पुसावे. तेलकट पायाने फरशीवर घसरून खुबा मोडल्याची उदाहरणे आहेत. पोटरीसाठी लाटणे उत्तम. पाय सैल सोडून बसावे, घोट्याकडून वर असे लाटणे हलक्या दाबाने मिनिट-दोन मिनिटे फिरवावे. नडगीच्या हाडावर आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीत फिरवू नये. पाठीसाठी मुलांचा रबरी चेंडू घ्यावा. तो भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरावा, मणक्याच्या बाजूच्या मांसल भागावर, मणक्यावर नव्हे, आणि गुडघे थोडे वाकवून हळूहळू वरखाली व्हावे. दाब "गोड दुखेल" इतकाच. मग भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीला लावून पोटरीला वीस-तीस सेकंद ताण द्यावा. असे प्रत्येक पायाला तीन वेळा.

आणि रानात? वाकून काम करताना दर अर्ध्या तासाने उभे राहावे, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागे झुकावे. यात दोन मिनिटेही जात नाहीत. मुकादमाने कुरकुर करू नये, कारण मोकळ्या पाठीची बाई संध्याकाळपर्यंत जास्त ओळी लावते. लांब दांड्याचे सायकल कोळपे जिथे चालते तिथे उकिडवे बसून खुरपण्याचा अट्टाहास नको. कापणीला दातेरी हलका विळा घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. काही दुखणी चोळायचीच नसतात.

पावसाळ्यात भाताच्या चिखलात काम केले, ताप आला, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात आणि डोळे लाल झाले, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदराच्या मुतातून पाण्यात येणारे जंतू पायाच्या जखमेतून शिरतात. चोळण्यात दोन दिवस घालवले तर मूत्रपिंड आणि यकृत बिघडून माणूस हातचा जातो. वेळेवर औषध मिळाले तर तो बरा होतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

फवारणीनंतर स्नायू फडफडणे, पेटके येणे, घाम, लाळ, मळमळ, अंधुक दिसणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. अशा माणसाला तेल लावू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन त्याला दवाखान्यात न्यावे. एरवीही फवारून आल्यावर साबणाने आंघोळ केल्याशिवाय अंगाला तेल चोळू नये. बरीचशी कीटकनाशके तेलात विरघळतात, आणि तेल चोळले की ती कातडीतून आत जायला सोपे होते.

एकच पोटरी सुजली, गरम लागते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळून सुटली तर फुप्फुसात जाते. छातीत कळ येऊन डावा हात किंवा जबडा दुखतो, घाम फुटतो, तेथे वाटी कामाची नाही, हृदयाचा झटका समजून निघावे. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षय तपासून घ्यावा. पाठदुखीत पाय लुळा पडला, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नये. मधुमेह्याच्या बधिर पायाला घासणे किंवा शेकणे नको. त्याला भाजले तरी कळत नाही, आणि छोट्या जखमेपायी पाय कापावा लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, फुगलेल्या नसा असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हत्यार लावू नये. म्हाताऱ्या आईच्या पाठीवर नातवाला चालवण्याची पद्धत तर बंदच करावी. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात, मणका दबतो. डाग देण्याबद्दल काय लिहावे! कातडी जळते, पिकते, आणि आतले दुखणे जिथल्या तिथे.

दोन-तीन आठवडे घरचे उपाय करूनही फरक नसेल तर जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचार विभागाची चौकशी करावी. तिथे "पाठ दुखते" एवढेच न सांगता कोणते काम करता, किती तास वाकता, दुखणे कोणत्या वेळी वाढते ते सांगावे. जमल्यास कामाची ठेवण करून दाखवावी. खाजगी तज्ज्ञाकडे गेलात तर पदवी आणि नोंदणी विचारायला लाजू नये, आणि व्यायाम न शिकवता नुसती पट्टी फिरवून दर आठवड्याला पैसे घेणारा असेल तर दुसरा पाहावा.

वाटी नवी घेणार असाल तर बोटाने टिचकी मारून पाहावी. काशाचा नाद घंटेसारखा लांबतो, पितळेचा लवकर विरतो. काशे पडले तर तडकते, म्हणून मुलांच्या हाती देऊ नये. काळी पडली की चिंच-मिठाने घासून धुवावी. पायाची वाटी वेगळी ठेवावी, तीत ताक-कढीसारखे आंबट पदार्थ घेऊ नयेत.